गुलाबरावांचे सात उपवास

कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस आठवड्याचे सातही दिवस उपवास करतो असं कुणी सांगितलं, तर शहाण्या माणसाने तिथल्या तिथे डॉक्टर बोलवावा. मी बोलावला नाही. मी साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली. एकदा नाही, अकरा वर्षं.

गुलाबराव साळोखे माझे शेजारी. नोएडातल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आमची दारं एकमेकांना लागून आहेत. ते दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या जुन्या अतिथिगृहात खोल्यांच्या आरक्षणाच्या टेबलावर बसतात. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात अनुवादक आहे. दिवसभर इंग्रजीतली निर्जीव वाक्यं हिंदीत तितकीच निर्जीव करून ठेवते आणि संध्याकाळी घरी आले की एकटी असल्यामुळे शेजाऱ्यांवर लक्ष ठेवते. कुणीतरी ठेवायला हवंच.

आरक्षण हे गुलाबरावांचं पगाराचं काम. खरं काम पेशंटचं. गारगोटीपासून गडचिरोलीपर्यंत कुणालाही दिल्लीच्या मोठ्या इस्पितळात दाखवायचं असलं की गाडीत बसायच्या आधी त्याच्या खिशात गुलाबरावांचा नंबर असतो. खासदारांच्या पीएकडून पत्र कसं काढायचं, कुठल्या खिडकीवर किती वाजता उभं राहायचं, बरोबरच्या माणसांनी कुठल्या धर्मशाळेत उतरायचं, कुठल्या डॉक्टरसमोर रडलेलं चालतं आणि कुठल्या डॉक्टरसमोर अजिबात चालत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य: "काळजी करू नका. मी आहे ना."

हे मला कसं ठाऊक, तर आमच्या बिल्डरची कृपा. दोन फ्लॅटच्या बाथरूमना मिळून त्याने हवा आणि पाइपसाठी एकच उभा डक्ट दिला आहे. पलीकडे कुणी नळ सोडला तरी इकडे कळतं. गुलाबराव फोन नेहमी बाथरूममधूनच करत. दिल्लीत मोबाइलला रेंज मिळायची ती एकच जागा असावी, असा माझा समज होता.

फोनपेक्षा जास्त ऐकू यायचा तो फ्लश. सकाळी सहा ते नऊमध्ये पाच-सहा वेळा, सुट्टीच्या दिवशी मोजले तर बारा-चौदा. मी जिन्यात भेटले की म्हणायचे, "गुलाबराव, यमुनेचं पाणी तुम्ही एकटेच संपवणार." ते हसायचे आणि म्हणायचे, "पोट साफ असलेलं बरं, ताई." आता तो विनोद आठवला की मी स्वतःलाच चिमटा काढते. तेव्हा मात्र मी तो मराठी मंडळातल्या चार बायकांना सांगितला होता आणि चौघीही हसल्या होत्या.

आता उपवास. आमच्या मराठी मंडळात काहीही कार्यक्रम असो, जेवणाची वेळ झाली की गुलाबराव हात जोडत. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार अंबाबाईचा, शनिवार मारुतीचा, रविवार जोतिबाचा. बुधवारचा देव त्यांना बरेच दिवस सापडत नव्हता. बुधवारी ते "काल जरा उशिरा सुटला, पोट जड आहे" यावर भागवत. पुढे विठोबा मिळाला आणि आठवडा पूर्ण झाला. त्यांची बायको मीनाक्षी यावर काही बोलत नसे. नवऱ्याचं पोट नाजूक आहे आणि तो घरी मऊभात खातो, एवढं तिला माहीत होतं. किती नाजूक, ते त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

आमचे मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी तर एका कोजागिरीला गुलाबरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. "तांबडा-पांढरा रस्सा सोडून ज्याने देव धरला असा कोल्हापूरकर मी पहिल्यांदाच पाहतोय," असं ते भाषणात म्हणाले. गुलाबरावांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि फोटो व्हायच्या आत ते हॉलच्या मागच्या बाजूला गेले. मागच्या बाजूला काय होतं ते मी सांगायला नको.

आणि आम्ही बायका! एवढा देवभोळा माणूस, दिल्लीसारख्या ठिकाणी उपाशी राहतो म्हटल्यावर आम्हाला राहवेल का? सोमवारी माझी खिचडी, गुरुवारी कुणाचे तरी साबुदाणेवडे, शुक्रवारी भगर आणि दाण्याची आमटी. दाण्याचं कूट सढळ हाताने, हिरवी मिरची त्याहून सढळ. ज्या पोटाला साधी पोळी सोसत नव्हती त्याच्यापुढे आम्ही अकरा वर्षं शेंगदाणे वाढत होतो, तेही प्रेमाने. गुलाबराव डबा घेत, डोळे मिटून नमस्कार करत आणि पाच मिनिटांनी तो खाली गेटवर शंभूला देत. शंभू आमचा वॉचमन, मूळचा दरभंग्याचा, पन्नाशीचा. एवढी साबुदाण्याची खिचडी खाल्लेला दुसरा माणूस दरभंग्यात नसेल. त्याचं पोट दर वर्षी थोडं पुढे येत होतं आणि गुलाबरावांचं आत जात होतं. दोन्ही मला रोज दिसत होती, पण एकमेकांशी जोडून पाहायचं मला सुचलं नाही.

गेल्या वर्षीच्या महाशिवरात्रीला ते सुचलं. मीनाक्षी भाच्याच्या साखरपुड्याला गारगोटीला गेली होती. त्यांची मुलगी कादंबरी गुरुग्रामला नोकरी करते, तिकडेच मैत्रिणींबरोबर राहते. मी सकाळी खिचडी परतत होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मीठ घातलं की नाही ते पाहिलं, गॅस पाहिला. मग लक्षात आलं, आठ वाजले होते आणि पलीकडून सकाळपासून एकदाही फ्लशचा आवाज आला नव्हता.

आमच्याकडे एकमेकांच्या घरांच्या किल्ल्या असतात. मी शंभूला हाक मारली आणि दार उघडलं. गुलाबराव बाथरूमच्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या कलंडले होते. चेहरा कागदासारखा पांढरा आणि फरशीवर रक्त. मला वाटलं, डोक्याला लागलंय. डोक्याला काहीही लागलेलं नव्हतं. शंभूने त्यांना उचललं. गाडीत ते शुद्धीवर आले आणि मला म्हणाले, "ताई, अकराच्या गाडीने चंद्रपूरचे पेशंट येणार आहेत. त्यांना नंबर द्यायचाय." मी म्हटलं, "गप्प बसा, नाहीतर मी खिचडी भरवीन." त्यांनी खरंच डोळे मिटले.

इस्पितळात पहिल्यांदा विचारतात ते जुने कागद. गुलाबरावांची एक निळी रेक्झिनची बॅग आहे, जिच्यात सगळ्या महाराष्ट्राचे रिपोर्ट असतात. ती मी येताना उचलली होती. बाकावर बसून उघडली, तर एक जाड फाइल वर लिहिलेलं नाव घेऊन समोर आली: कृष्णात साळोखे, गारगोटी. आत अकरा वर्षांचे रिपोर्ट. प्रत्येक कागदावर नावाची जागा कात्रीने नीट कापून टाकलेली. फाइलच्या आतल्या बाजूला एका डॉक्टरांचा नंबर होता. रिपोर्ट नक्की कुणाचे ते तरी कळेल म्हणून तो मी लावला.

"डॉक्टरसाहब, मैं गुलाबराव साळोखे की पड़ोसन बोल रही हूँ."

पलीकडे डॉक्टर अंशुमन होते, आतड्यांचे सर्जन. ते म्हणाले, "अच्छा. तो कृष्णात आख़िर आ गया?"

पुढची हकिकत मला त्यांनी नंतर केबिनमध्ये सांगितली. गुलाबराव वर्षानुवर्षं त्यांच्याकडे पेशंट आणत. त्यातच ते एक फाइल घेऊन येऊ लागले: गावाकडचा चुलतभाऊ, कृष्णात, येऊ शकत नाही, शेतीची कामं आहेत. मोठ्या आतड्याला आतून फोड, शौचातून रक्त, औषधाने तात्पुरता आराम. तपासण्या गाझियाबादच्या एका लॅबमधून. गारगोटीचा शेतकरी तपासणीला गाझियाबादला का जातो, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी मात्र त्यांनी सांगितलं, आता भावाला बघितल्याशिवाय मी औषध लिहिणार नाही.

तर गुलाबरावांनी कृष्णातला आणला! खराखुरा कृष्णात, अडतीस वर्षांचा, एकेकाळचा तालमीतला पैलवान, वजन पंच्याण्णव किलो. त्याला दिल्ली दाखवतो म्हणून बोलावलं आणि सांगितलं, तू फक्त दमल्यासारखा बस, बोलायचं ते मी बोलतो. रिपोर्टमध्ये रक्त सातवर आलेलं आणि समोर टोमॅटोसारखे लाल गाल. डॉक्टरांनी विचारलं, दिवसातून किती वेळा जावं लागतं? गुलाबराव "चौदा" म्हणायच्या आत कृष्णात मान ताठ करून म्हणाला, "एक बार. सुबे पाच वाजता. घड्याळ लावून घ्या."

"मैंने उसी दिन समझ लिया था," डॉक्टर म्हणाले. "नाम तो काट देते थे, उम्र काटना भूल गए थे. रिपोर्ट में तिरपन साल लिखा था."

"फिर आपने पकड़ा क्यों नहीं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"पकड़ता तो आना बंद कर देते. फिर न कृष्णात आता, न गुलाबराव."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. तीन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत आतड्यात ज्या पेशी सापडल्या होत्या त्या कॅन्सरच्या उंबरठ्यावर होत्या. सगळं मोठं आतडं काढायचं, लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणायचं आणि तिथे पिशवी लावायची. आत्ता केलं तर माणूस ठणठणीत राहील. आणखी ढकललं तर सांगता येत नाही. हे त्यांनी गुलाबरावांना तेव्हाच सांगितलं होतं आणि गुलाबराव म्हणाले होते, "भाई मानेगा नहीं."

रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्यावर भाई बोलायला लागला. मानायला मात्र तयार नव्हता. संध्याकाळी कादंबरी गुरुग्रामहून धावत आली आणि पलंगाशी उभी राहून रडत रडत बापाला झापायला लागली. "पप्पा, यार, इतनी बड़ी बात तुम्ही छुपवली? आईला पण नाही सांगितलं? मी काय समजू मग?"

गुलाबराव भिंतीकडे बघत म्हणाले, "ऑपरेशनचं नंतर बघू. आधी मार्चएंड होऊ दे."

आतड्याला मार्चएंड असतो हे मला नवीन होतं. मी कादंबरीला चहा घ्यायला पाठवलं आणि स्टूल ओढून बसले. म्हटलं, "खरं काय ते सांगा."

ते अगदी हळू म्हणाले, "ताई, लोक मला फोन करतात ते धीरासाठी. उद्या पोटाला पिशवी लावून मी कुणाला काय धीर देऊ? आणि मागणारा व्हायची सवय नाही हो मला. मी देणाऱ्या बाजूला बसतो."

त्यांनी असल्या ऑपरेशनसाठी कितीतरी लोकांना तयार केलं होतं. दुसऱ्याच्या पोटावर असते तेव्हा ती पिशवी त्यांना उपचार वाटायची. स्वतःच्या पोटावर ती त्यांना बदली होऊन खालच्या पदावर गेल्यासारखी वाटत होती. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी फार वाईट वाटलं. मला धीर देता येत नाही, मला फक्त टोमणे येतात.

पण मला पाठांतर येतं. आणि अकरा वर्षं डक्टमधून मी एकच भाषण ऐकत आले होते. मी घसा खाकरला, अगदी त्यांच्यासारखा, दोनदा.

"हे बघा दादा, मी डॉक्टर नाही, पण दहा जणांचं बघितलंय. घरातला पाइप सडला तर तुम्ही त्याला हार घालता का? प्लंबर बोलावता ना? मग हाही पाइपच. आतडं ही काही वडिलोपार्जित इस्टेट नाही, की काढलं तर भावकी काय म्हणेल. आता राहिली पिशवी. शर्टाच्या आत काय आहे ते कोण विचारतंय? लोक शर्टाच्या आत काय काय घेऊन हिंडतात, आपण विचारतो का? महिन्याभराने तुम्हीच मला फोन करून सांगाल, की साळोखे, उगाच एवढी वर्षं घाबरलो. तेव्हा आता सही करा. बाकीचं माझ्यावर सोडा."

गुलाबराव माझ्याकडे बघतच राहिले. पांढऱ्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. तो तीन बाटल्यांचा नव्हता, शरमेचा होता.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. बाथरूममधून."

"सगळं ऐकू जातं?"

"सगळं."

त्यांनी चादर नाकापर्यंत ओढून घेतली. चादरीच्या आत ते हसत होते की रडत होते ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "शेवटचं वाक्य राहिलं, ताई."

ते मी मुद्दाम गाळलं होतं. आयुष्यात कुणाला तसं म्हणायची माझ्यावर वेळ आली नव्हती, आणि म्हटलं तर ते निभवावं लागतं. मी पर्समधून रुमाल काढला, घडी घातली, परत ठेवला. मग म्हटलं, "काळजी करू नका, गुलाबराव. मी आहे ना."

त्यांनी चादर खाली केली आणि पेन मागितलं.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षी आली. ती नवऱ्याला फक्त "सात देव जमवलेत, आठवी मी होते की" एवढं म्हणाली आणि कागदावर त्यांच्या सहीखाली सही केली. नऊ दिवसांनी, अंगात पुरेसं रक्त आल्यावर, ऑपरेशन झालं. ते चार तास चाललं. ते चार तास मी, मीनाक्षी आणि कादंबरी एका बाकावर बसून होतो, आणि शंभू ड्यूटी सोडून आला होता. त्याने देवाला काय कबूल केलं ते विचारलं, तर म्हणाला, "साबूदाना छोड़ दिया, मैडम." मी म्हटलं, अकरा वर्षं खाल्ल्यावर सोडायला हरकत नाही.

पेशंट म्हणून गुलाबराव महाभयंकर. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगत, नर्सला पिशवी कशी चिकटवायची ते शिकवत आणि स्वतः मात्र त्या पिशवीकडे बघायला पहिले चार दिवस तयार नव्हते. पाचव्या दिवशी मीनाक्षीने ती शांतपणे रिकामी केली, धुतली, हात धुतले आणि विचारलं, "भात आणू का?" तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान खाली करून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग भात खाल्ला, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा, घास घास चावून.

सप्टेंबरात मंडळाचा गणपती बसला. पंगतीचा दिवस नेमका सोमवार. गुलाबरावांचं दुखणं मंडळात "पोटाचं काहीतरी" एवढंच माहीत होतं, कारण मी या एका बाबतीत तोंड बंद ठेवलं होतं. अण्णासाहेबांनी कौतुकाने त्यांच्यासाठी वेगळं पान मांडून घेतलं होतं, त्यावर साबुदाण्याच्या खिचडीचा डोंगर आणि वर खोबरं. गुलाबराव पानासमोर आले. त्यांनी खिचडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अण्णासाहेब, मला वरणभात वाढा," ते म्हणाले.

"अहो, पण सोमवार आहे!"

"मला एकही उपवास नव्हता. कधीच नव्हता. आतड्याचा आजार होता आणि सांगायची लाज वाटत होती. आता मोठं आतडं काढलंय. इथे पिशवी आहे." त्यांनी उजव्या बाजूला हात ठेवला. "तुमची शाल परत आणलीय."

खरंच आणली होती, इस्त्री करून. वाढणाऱ्या बायकांच्या तोंडावर मला त्यांनी इतकी वर्षं पाठवलेले सगळे डबे दिसत होते, भगर, वडे, दाण्याची आमटी. मग अण्णासाहेबांनी शाल घेतली, झटकली आणि पुन्हा गुलाबरावांच्या खांद्यावर टाकली. "ठेवा. नोएडात थंडी फार पडते," असं म्हणून त्यांनी स्वतः वरणभात वाढला आणि वर तूप सोडलं. गुलाबराव मांडी घालून बसले. अकरा वर्षांत पंगतीत बसलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. शेवटचं पान उठेपर्यंत ते उठले नाहीत.

आता आमचा डक्ट शांत असतो. फ्लश दिवसातून चार-पाचदा, तुमच्या-आमच्यासारखाच. आणि फोन बाथरूममधून येत नाहीत. गुलाबराव ते गॅलरीत उभे राहून करतात, त्यामुळे पूर्वी मी एकटी ऐकायचे ते आता सगळा सेक्टर ऐकतो.

परवा सकाळी मी लागूनच असलेल्या माझ्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. पलीकडे त्यांचं चाललं होतं. वर्ध्याच्या कुणाचा तरी पोरगा, ऑपरेशनला नाही म्हणतोय. घसा दोनदा खाकरला. पाइप झाला, प्लंबर झाला, इस्टेट झाली. मी मनातल्या मनात पुढचं वाक्य म्हणत होते, शर्टाच्या आत काय आहे ते कोण विचारतंय. ते वाक्य आलंच नाही.

"माझ्या शर्टाच्या आत आहे," गुलाबराव म्हणाले. "हो, माझ्या स्वतःच्या. तू ये तर खरा, मी दाखवतो तुला."

माझ्या हातात ओली चादर होती. ती मी तशीच धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी कठड्यावर थापटून ओरडले, "हळू बोला गुलाबराव, सगळा सेक्टर ऐकतोय!"

"एक मिनिट हं," ते फोनमध्ये म्हणाले, "शेजारच्या ताई आहेत. मी घाबरलो होतो तेव्हा यांनीच सही करायला लावली. थांब, त्यांच्याशीच बोल." आणि कठड्यावरून हात लांब करून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.